समोरच्याचा पडदा

आमच्या दोडामार्गात एका टेबलावर दोन मॉनिटर दिसले की माणसं हमखास विचारतात, “दोन कित्याक?” संगणक दुरुस्तीच्या धंद्यात हा प्रश्न इतका ऐकला आहे की जागेप्रमाणे उत्तर तयार असतं. फोटो स्टुडिओवाला एका पडद्यावर लग्नाचा अल्बम जुळवतो आणि दुसरा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवतो, म्हणजे कुठला फोटो घ्यायचा आणि कुठला नाही हे जागच्या जागी मिटतं. काजूच्या कारखान्यात एकावर हिशेब असतो, दुसऱ्यावर सीसीटीव्ही. टायपिंगवाल्याला डावीकडे जुन्या दस्ताचा स्कॅन लागतो आणि उजवीकडे टाइप करायचं पान. यांचा दुसरा मॉनिटर बंद पडला तर काम अडखळतं, दोन दिवस जास्त लागतात, आणि तेवढ्यावर भागतं.

आधार केंद्रावरचा दुसरा मॉनिटर वेगळा. तो टेबलापलीकडे बसलेल्या माणसासाठी ठेवलेला असतो. ऑपरेटर काय टाइप करतोय ते त्या माणसाला त्याच क्षणी दिसावं, नाव, पत्ता, जन्मतारीख त्याने स्वतः वाचून ‘बरोबर आहे’ म्हणावं, यासाठी भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने नोंदणीच्या संचात तो धरला आहे. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डोळ्यांचा स्कॅनर, कॅमेरा, मागचा पांढरा पडदा, आणि या सगळ्यांबरोबर हा मॉनिटर. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून आजपर्यंत यंत्रं बदलली, सॉफ्टवेअर बदललं, पण समोरच्याला दिसलं पाहिजे हे तत्त्व कायम राहिलं. माझ्या मते त्या सगळ्या संचात हीच वस्तू सर्वांत शहाणपणाने ठेवलेली आहे, आणि बंद पडली तर सर्वांत कमी आठवण तिचीच होते. ठशांचं यंत्र बिघडलं तर नोंदणी थांबते, म्हणून लगेच फोन येतो. दुसरा मॉनिटर गेला तर काम चालूच राहतं.

आमच्या तालुक्यात हा पडदा जास्तच लागतो, त्याला इथली कारणं आहेत. दोडामार्ग तालुका १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झाला. त्याआधीच्या शाळेच्या दाखल्यांवर, जमिनीच्या कागदांवर ‘तालुका सावंतवाडी’ लिहिलेलं असतं. आयनोडे, शिरंगे, पाट्ये ही गावं तिलारीच्या जलाशयाखाली गेली. तिथली माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात आणि त्यांच्या जुन्या कागदांवर पाण्याखालचं गाव असतं. गवस हे आमच्याकडचं मोठं आडनाव. इंग्रजीत कोणी ते व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने, आणि एकाच घरात दोन्ही सापडतात. तरुण मुलं रोज सीमा ओलांडून गोव्यात कामाला जातात. तिथल्या कंपनीला, बँकेला, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याला नावाचं अक्षर न् अक्षर जुळलेलं हवं असतं. अननस आणि रबराच्या लागवडीसाठी केरळातून येऊन इथे स्थायिक झालेली कुटुंबं आहेत. त्यांची नावं ऐकून लिहायची म्हणजे ऑपरेटरची परीक्षाच. आधारवर नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यापुढे अर्ज, पुरावे, वरच्या कार्यालयाचे हेलपाटे. म्हणून चूक टाइप होतानाच दिसायला हवी.

पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्यातल्या एका केंद्रावरून फोन आला. ऑपरेटर मुलगी घाबरली होती. “दादा, समोरचा मॉनिटर लागत नाय. आणि माझ्या स्क्रीनवरची अक्षरं पण मोठी झालीत. ड्रायव्हर गेला असेल ना? एकजण म्हणाले, फॉरमॅटच मारा.” मी तिला एवढंच सांगितलं की मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नको.

‘फॉरमॅट मारा’ हा आमच्या धंद्यातला सर्वांत वाईट सल्ला आहे, आणि तो सर्रास दिला जातो. काय बिघडलंय ते शोधायला वेळ लागतो. फॉरमॅटला डोकं लागत नाही. संगणक पुन्हा नव्यासारखा पळतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि मूळ बिघाड तसाच राहून महिन्याभराने परत येतो. आधारच्या संगणकावर तर फॉरमॅट म्हणजे अनर्थ. ते यंत्र नोंदणीकृत असतं, आणि घेतलेल्या नोंदणीची पाकिटं वर चढायची राहिली असतील तर तीही जातात. कोणा म्हाताऱ्याला पुन्हा बोलवायचं, पुन्हा त्याची झिजलेली बोटं काचेवर दाबायला लावायची. एका काळ्या पडद्यासाठी हे करणं मला कधीच पटलेलं नाही.

मी गेलो तेव्हा केंद्रात बाकावर माणसं बसली होती. समोरच्या मॉनिटरचा दिवा नारिंगी लुकलुकत होता. याचा अर्थ मॉनिटरला वीज मिळते आहे, तो स्वतः ठीक आहे, फक्त संगणकाकडून त्याला काही येत नाही. निळा दिवा असून पडदा काळा असता तर शोध दुसऱ्या दिशेने गेला असता. विंडोजचं बटण धरून पी दाबला. एरवी इथे चार पर्याय येतात: फक्त पहिला पडदा, दोन्हीवर तेच, दोन्ही जोडून एक, फक्त दुसरा. त्या दिवशी संगणकाने सरळ सांगितलं की दुसऱ्या पडद्यावर दाखवता येणार नाही. ऑपरेटरच्या पडद्यावरची अक्षरं फुगलेली होतीच. डिव्हाइस मॅनेजर उघडला. डिस्प्ले अडॅप्टरच्या खाली संगणकातल्या ग्राफिक्सचं खरं नाव नव्हतं, ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं होतं.

हे नाव दिसलं की माझं निम्मं काम होतं. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, हरवला की विंडोज हा कामचलाऊ ड्रायव्हर लावते, म्हणजे निदान पडद्यावर काहीतरी दिसावं. त्याला एकच पडदा सांभाळता येतो, तोही जेमतेम. बाहेर दोन पोर्ट असले तरी दुसऱ्याला तो ओळखतच नाही. लोक अशा वेळी केबल बदलत बसतात, मॉनिटर दुकानात आणून टाकतात. त्यात कशाचाच दोष नसतो.

ड्रायव्हर का गेला, हे अपडेटची यादी उघडल्यावर कळलं. आदल्या संध्याकाळी संगणक नवा ड्रायव्हर घेत होता. मुलीने आठवून सांगितलं की त्याच वेळी गडगडाट सुरू झाला आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. जुना ड्रायव्हर निघालेला आणि नवा अर्धा बसलेला, अशा अवस्थेत संगणक बंद पडला.

‘रोल बॅक’चं बटण करडं होतं, म्हणजे मागे जायला जागा नव्हती. अशा वेळी मी आधी नेटची केबल काढतो. ती राहिली तर आपण एक ड्रायव्हर काढत असतानाच विंडोज स्वतःच्या मनाने दुसरा आणून बसवते, आणि दोघांची सरमिसळ होते. मग सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हरचे जुने अवशेष पूर्ण पुसायचे, आणि त्या प्रोसेसरच्या पिढीचा, त्या विंडोजचा, बनवणाऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर टाकायचा. ‘सगळ्या संगणकांसाठी एकच’ म्हणून मिळणारे ड्रायव्हरचे गठ्ठे मी वापरत नाही. त्यांतून काय काय आत येतं याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि हा तर लोकांच्या ओळखीचा संगणक. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये तालुक्यातल्या नेहमीच्या मदरबोर्डांचे ड्रायव्हर असतात. आमच्याकडे पावसात नेटचा भरवसा धरून कोणी कामाला निघत नाही.

ड्रायव्हर बसताना पडदा दोनदा काळा होऊन परत येतो. मागे उभे असलेले सगळे त्या वेळी एकदम “गेला!” म्हणतात. तिथे हात लावायचा नाही, बटण दाबायचं नाही, थांबायचं. पडदा परत आला, अक्षरं बारीक झाली, आणि समोरचा मॉनिटर उजळला. बाकावरच्या माणसांना हायसं वाटलं. मुलगी कामाला बसायला निघाली, तिला मी थांबवलं.

समोरच्या पडद्यावरची अक्षरं आडवी ताणलेली होती. ‘ठ’ आणि ‘ढ’ बसके झालेले, काना-मात्रा पुसट. मला खुर्चीवर बसून वाचायला त्रास होत होता, तर साठी ओलांडलेल्या माणसाला काय दिसणार? पडदा लागला म्हणजे काम झालं असं समजून बहुतेक दुरुस्त्या इथेच संपतात. मॉनिटरची मूळ मापं १३६६ बाय ७६८, आणि विंडोज त्याला १०२४ बाय ७६८ देत होती. त्याचं नाव म्हणून दिसत होतं ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’. मॉनिटर आपलं नाव-गाव सांगतच नव्हता.

मॉनिटरमध्ये १२८ बाइटची एक छोटी नोंद असते: बनवणारा कोण, मापं काय, कोणतं चित्र पेलतं. केबल जोडली की संगणक ती नोंद वाचतो. व्हीजीए केबलमध्ये चित्राच्या तारा वेगळ्या आणि ही नोंद नेणाऱ्या वेगळ्या. त्यामुळे चित्र व्यवस्थित येतं आणि ओळख मात्र पोचत नाही, असं होऊ शकतं. मी संगणक बंद केला, केबल काढली आणि मोबाइलच्या उजेडात तिचं तोंड पाहिलं. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी. नववी पिन नव्हती. बऱ्याच केबलींत ती मुळातच नसते, ती पाहून केबल फेकून देणारे मी पाहिले आहेत. खोट बाराव्या पिनेत होती. ती मुळापासून वाकून शेजारच्या कडेला आडवी झोपली होती. नोंद वाहून नेणाऱ्या दोन पिनांपैकी ती एक. टेबल सरकवताना कोणीतरी केबल तिरकी ठोकून बसवली असणार. पिन सरळ करायला गेलं की तुटते, म्हणून नवी केबल लावली. संगणक चालू झाल्यावर मॉनिटरने आपलं खरं नाव सांगितलं, मापं आपोआप जुळली, आणि ‘ठ’ नीट उभा राहिला.

व्हीजीए हे १९८७ चं तंत्र. त्यानंतर डीव्हीआय आलं, २००२ मध्ये एचडीएमआय आलं, पुढे डिस्प्ले पोर्ट. पण आमच्याकडच्या केंद्रांत, पतसंस्थांत, दुकानांत दुसरा मॉनिटर म्हणून जुनाच लावला जातो आणि जुन्याला मागे निळं व्हीजीए असतं. संगणकाला एचडीएमआय असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, ज्यात डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिप असते. डीव्हीआयचं तर नीट पाहून घ्यावं: रुंद चपट्या पिनेच्या वर-खाली चार बारीक भोकं असतील तरच साधा, बिनचिपचा अडॅप्टर चालतो, नसतील तर तो कितीही चांगला असला तरी चित्र येणार नाही. म्हापशाच्या बाजारातून अडॅप्टर आणायला निघालेल्या माणसाला मी आधी पोर्टचा फोटो पाठवायला सांगतो, म्हणजे फेरी फुकट जात नाही.

केबल बसवताना माझ्या मनगटाची मागची बाजू कॅबिनेटला लागली आणि बारीक झिणझिण्या आल्या. मुलगी म्हणाली, “तो करंट नेहमीच मारता, दादा. आम्ही चपला घालून बसतो.”

मला त्या दिवसातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटली. ड्रायव्हर आणि केबल हे वरवरचे बिघाड होते. मल्टिमीटरची एक तार कॅबिनेटला आणि दुसरी न्यूट्रलला लावली, तर शंभराच्या वर व्होल्ट दिसले. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये वीज गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटपर्यंत छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर लोखंडी डबा साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहतो. माणसाला झिणझिण्या येतात, सहसा त्यापुढे जात नाही. पण मॉनिटर दुसऱ्या बोर्डवरून चालत असेल आणि कोणी चालू संगणकात केबल खुपसली, तर दोन्हीकडचा फरक त्या केबलच्या नाजूक पिनांतून समान होतो. पोर्ट जळतं, कधी मदरबोर्डही जातो. मग सगळे म्हणतात, “ड्रायव्हर गेला.”

दोडामार्ग-भेडशी पट्ट्यात हे इतकं का होतं, त्याचं उत्तर जमिनीत आहे. आमचा जांभा दगड. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पिऊन तो चिंब असतो आणि अर्थिंग छान लागतं. फेब्रुवारीपासून तो सुकत जातो. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यातली पट्टी कोरड्या दगडात अडकलेली असते आणि अर्थिंग नावालाच उरतं. आणि नेमके त्याच दिवसांत वळवाचे ढग येतात, विजा कडाडतात. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून विजेचा झटका मॉडेममध्ये, मॉडेममधून संगणकात यायचा. फायबर आल्यापासून ती वाट बंद झाली. विजेच्या वायरींची वाट अजून उघडी आहे. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतलं तर खूप फरक पडतो. जुने वायरमन हे न सांगता करायचे. आता खड्डा कुठे आहे हेच निम्म्या इमारतींत कोणाला ठाऊक नसतं. त्या केंद्रात तर खड्डा होता, तार होती, पण बोर्डातल्या तिसऱ्या भोकाला ती जोडलेलीच नव्हती. वायरमनला बोलावून जोडून घेतली, दोन्ही मॉनिटर आणि संगणक एकाच बोर्डवर आणले, यूपीएसला नवी बॅटरी बसली. त्यानंतर तिथला दुसरा मॉनिटर गेल्याचा फोन मला आलेला नाही.

मी हत्यारं आवरत होतो तोवर काम सुरू झालं होतं. एक वयस्क गृहस्थ जन्मतारखेची दुरुस्ती करायला बसले होते. मुलीने दाखला पाहून आकडे टाइप केले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पडद्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, “बाय, ह्या साल चुकला. छप्पन न्हय, शेचाळीस.” तिने दाखला पुन्हा पाहिला. जुन्या शाईतला चार तिला पाच वाटला होता. तिने लगेच दुरुस्त केलं, दोघेही पुढच्या रकान्याकडे वळले. दहा वर्षांचा फरक होता तो. आणि जन्मतारीख सुधारण्याची संधी एकदाच मिळते.

फोटो स्टुडिओतल्या दुरुस्त्यांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तिथे ग्राफिक कार्ड असतं. नवं कार्ड बसवल्यावर एक मॉनिटर कार्डाला आणि दुसरा मदरबोर्डाला लावला जातो, आणि मदरबोर्डावरचा काळाच राहतो. बायोस बहुतेक वेळा कार्ड दिसलं की आतलं ग्राफिक्स बंद करतं. दोन्ही केबली कार्डाला लावाव्या, किंवा बायोसमध्ये मल्टी-मॉनिटरचा पर्याय चालू करावा. दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो, तो खोडरबराने हलकेच पुसला की ‘मेलेलं’ कार्ड उठतं. आणि कार्ड किती जुनं घ्यायचं यालाही मर्यादा आहे. स्वस्तात मिळणारी जीटी ७१० सारखी कार्डं अजून चालतात, पण त्यांच्या पिढीला नवे ड्रायव्हर मिळणं बंद झालं आहे. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा कार्डावर नवी विंडोज टाकून मग दुसरा पडदा का लागत नाही हे विचारायला येण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

काही आधार केंद्रांवर समोरचा मॉनिटर चालू असतो पण ‘जोडून एक’ या पर्यायावर ठेवलेला असतो. मग बसलेल्या माणसाला नुसतं विंडोजचं चित्र दिसतं, डोंगर आणि आकाश. कुठे तो भिंतीकडे वळवलेला असतो, कुठे ऑपरेटरनेच आपल्या सोयीला घेतलेला. त्यामागे वाईट हेतू असतो असं मी म्हणत नाही. रांग मोठी असते, जागा लहान असते. पण ते चूक आहे, आणि मी जातो तिथे तो वळवून ‘दोन्हीवर तेच’ करून येतो, त्याचे पैसे घेत नाही.

ऑपरेटर भावा-बहिणींना माझं सांगणं एवढंच: केबल काढता-घालताना संगणक आणि मॉनिटर दोन्ही मुख्य बटणावरून बंद करा, कॅबिनेट झिणझिण्या देत असेल तर वायरमनला बोलवा, आणि ड्रायव्हर बसत असताना यूपीएस जिवंत आहे याची खात्री करा. आणि तुम्ही आधारसाठी कधी बसलात, तर आपल्यासमोरच्या पडद्याकडे पाहा. तो काळा असेल, फिरवलेला असेल किंवा अक्षरं वाचता येत नसतील, तर तसं सांगा आणि तो नीट होईपर्यंत थांबा. चष्मा घरी राहिला असेल तर सोबतच्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. पावतीवर सही त्यानंतरच करा.